भिंतीकडची जागा

आरोग्यम गेल्याचं फुलवालीने दारात येऊन सांगितलं. मी रांगोळी अर्धी टाकून तशीच निघाले. राजवाड्यामागच्या आमच्या बोळात ती चाळीस वर्षं शिवणकाम करत होती. ती तमिळ ख्रिस्ती, आम्ही मराठी. पण माझ्या मुलींची परकर-पोलकी सगळी तिनेच शिवली.

तरुणपणी तिचं नाव चांगलं नव्हतं. नवरा नाही, आणि दुकानात पुरुष येऊन बसत. सणाला चर्चमधल्या मातेच्या मूर्तीला मापाने शिवलेली रेशमी साडी नेसवतात. ती शिवायचं काम तिने मागितलं, तर बायका म्हणाल्या, "मातेची नको, मग्दालियाची शिव. ती तुझ्यातलीच." मग्दालियाची मूर्ती क्रुसापाशी केस सोडून बसलेली, लोक तिला वेश्या म्हणतात. आरोग्यम मला म्हणाली, "बरंच झालं आक्का, माप माझ्याच अंगावर घेता येईल."

हसली खरी... पण त्याच संध्याकाळी मला त्यांच्या दफनभूमीत घेऊन गेली. मागच्या भिंतीशी, झुडपात, एक बिननावाचा दगड होता. "माझी मुलगी. नऊ दिवसांची होती. मी मेले की मला हिच्याशेजारी ठेवायला सांग. मुलीचं बोलू नकोस, कारण काहीही दे." मी हो म्हटलं.

प्रेत घरात होतं तेव्हा एक म्हातारी पुटपुटली, "हिला भिंतीशीच द्या. तसल्यांची जागा तीच." मी फक्त गप्प बसायचं होतं. पण मला राग आला. सगळ्यांदेखत फादरना सांगितलं, की कोरोनात बेवारस मेलेल्यांना हिने कापड शिवून दिलं, स्वतःच्या हाताने गुंडाळलं, तेव्हा तुमच्या चर्चच्या बायका दारं लावून बसल्या होत्या. फादरचे डोळे भरले. "अम्मा, ही तर संत होती."

फाटकाजवळ, कडुनिंबाखाली, मानाच्या जागी खड्डा खणलेला पाहिला. तेव्हाही बोलता आलं असतं. पण संताला भिंतीशी न्यायला दुसरं कारण सुचेना, आणि मुलीचं सांगितलं, की ती जुनी बदनामी पुन्हा तिच्या अंगावर पडणार. नाही बोलले. माती पडली.

आता तिथे मेणबत्त्या लागतात, मोगरा पडतो. मूल होत नाही त्या बायका कडुनिंबाला नवसाचे छोटे लाकडी पाळणे बांधू लागल्या आहेत. वारा सुटला की रिकामे पाळणे एकमेकांवर आपटतात. भिंतीकडे कुणी जात नाही. परवा एका पोरीने पाळणा बांधता बांधता मला म्हातारीला विचारलं, "पाट्टी, तुम्ही ओळखत होता ना यांना? यांना मुलं होती?"

"नाही," मी म्हटलं. आणि तिला गाठ मारता यावी म्हणून फांदी खाली ओढून धरली.