शांताच्या सासरचं देऊळ

माझी धाकटी बहीण शांता रत्नागिरीला मुलींच्या शाळेत शिकवते. गेल्या नाताळानंतर तिनं कळवलं की तारऑफिसातल्या मिंगेलशी तिला लग्न करायचं आहे आणि तो रोमन कॅथलिक आहे. आम्ही पिढीजात प्रॉटेस्टंट. नगरच्या आमच्या घरात त्या दिवशी चूल पेटली, पण जेवलं कोणी नाही. मुलगा हिंदू असता तर आईनं त्याला ख्रिस्ती करण्याची खटपट तरी केली असती. जो आधीच ख्रिस्ती आहे त्याचं काय करायचं, हे तिला उमगेना. वडील नाहीत, म्हणून थोरला भाऊ या नात्यानं उन्हाळ्याच्या सुटीत माझी रवानगी झाली. आईची आज्ञा एवढीच होती, की पोरीला समजावून घेऊन ये.

तुम्हांपैकी कोणी जाणार असेल तर वाटा दोन. मुंबईहून आगबोट, किंवा कोल्हापूरपर्यंत आगगाडी आणि पुढं आंबा घाटानं मोटार. मला समुद्राची भीती, म्हणून मी मोटार धरली. घाट उतरायला लागल्यावर समजलं की भीती वाटायला समुद्रच लागतो असं नाही. घाटाच्या तोंडाशी ड्रायव्हरनं देवीला नारळ फोडला. मी मूर्तिपूजेच्या विरुद्ध आहे, पण ती वळणं पाहिल्यावर नारळ फोडल्याचं वाईट वाटलं नाही. खोबऱ्याचा तुकडा मात्र मी तत्त्वासाठी नाकारला. पांढरे कपडे घालून या रस्त्यानं जाऊ नका. रत्नागिरीत उतरलो तेव्हा मी पायांपासून टोपीपर्यंत धुळीनं तांबडा झालो होतो.

मुक्काम बाजाराजवळच्या एका खानावळीत केला. भात चांगला, सोलकढी त्याहून चांगली, दरही बेताचा. मालक ब्राह्मण आणि स्वभावानं चौकस. येण्याचं कारण त्यांनी पहिल्या घासालाच काढून घेतलं. मग मी त्यांना आमच्यातला आणि कॅथलिकांतला फरक सविस्तर सांगितला. त्यांच्याकडे पोप, आमच्याकडे नाही. त्यांच्याकडे मूर्ती, आमच्याकडे फक्त पवित्र शास्त्र. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"असेल हो," ते म्हणाले. "पण आमच्याकडे दोघंही पडवीतच जेवतात."

चारशे वर्षांचा वाद त्यांनी एका पडवीत बसवला होता. मी मुकाट्यानं ताक मागितलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. मिंगेलच्या आईनं, आंजेलीनबाईंनी, जेवायला बोलावलं होतं. शांतानं वाटेतच बजावलं की शुक्रवारी त्यांच्याकडे उपास असतो, मांस चालत नाही. मी साबुदाण्याच्या तयारीनं गेलो. पानात आली तळलेली सुरमई, कोळंबीचं कालवण आणि वर तिसऱ्यांचं सुकं. नगरच्या माणसाला अशी मासळी वर्षातून एकदा दिसली तर दिसते. हा उपास असेल तर सणाच्या दिवशी ही माणसं काय करत असतील, या विचारानं मी तिसऱ्यांदा भात घेतला. मिंगेल अबोल माणूस. दिवसभर दुसऱ्यांचे निरोप तारयंत्रावर कडकट्ट करून संध्याकाळी त्याच्याकडे स्वतःचा शब्द उरत नसावा. पण शांताच्या पानातला काटा त्यानं न बोलता काढून ठेवला, ते मी पाहिलं. मला ते आवडलं, आणि आवडल्याचा राग आला.

आंजेलीनबाईंच्या भिंतीवर मरीयामातेची तसबीर होती, तिला अबोलीचा वळेसर, पुढं तेवता दिवा. अंगणात चिऱ्याच्या चौथऱ्यावर क्रूस, अगदी शेजाऱ्यांच्या तुळशीसारखा. मुलाला नोकरी लागावी म्हणून बाईंनी नवस केला होता आणि मेणबत्त्या लावून फेडलाही होता. मी मनात म्हटलं, ही माणसं बाप्तिस्मा घेतलेले हिंदूच. तेवढ्यात त्यांनी आमच्या देवळाची, म्हणजे चर्चची, चौकशी केली. मी अभिमानानं सांगितलं की आम्ही जोडे बाहेर काढतो, सतरंजीवर बसतो, टाळ-तबल्यावर मराठी भजनं म्हणतो, कीर्तनही करतो.

बाईंचा चेहरा पडला. "देवळात टाळ कुटता? आणि मांडी घालून बसता?" त्या म्हणाल्या. "मंग तुमी भजनी मंडळी झालात. क्रिस्तांव कसले?"

शांता पदर तोंडाला लावून आत गेली.

रविवारी त्यांच्या देवळात गेलो. सगळं लॅटिनमध्ये. माणसं ठरल्या वेळी उठत, गुडघे टेकत, छातीवर क्रूसाची खूण करत. मी प्रत्येक वेळी एक क्षण उशिरा उठलो आणि एक क्षण उशिरा बसलो. एका कोपऱ्यात जाळीचं लाकडी कपाट होतं. त्यात बसून फादरना पापं सांगतात. आमच्यात स्वतःची पापं थेट देवाला सांगतात आणि शेजाऱ्याची एकमेकांना. प्रभुभोजनात लोकांना फक्त भाकर मिळाली, द्राक्षारस फादर एकटेच प्याले. मला हे अन्यायाचं वाटलं, पण आमच्याकडे सगळ्यांना मिळतं ते मनुकांचं पाणी असतं, हे आठवलं. पाहायला तिथं मूर्ती होत्या, फुलं होती, रंगीत काचा होत्या. आमच्या देवळात पाहण्यासारखं एकच, घड्याळ, आणि उपदेश लांबला की सगळी मंडळी तेच पाहते.

मिसा, म्हणजे ती उपासना, संपल्यावर फादरनी घरी नेऊन चहा दिला. माणूस गोड, अटी कडक. शांताचा बाप्तिस्मा त्यांना मान्य होता. पण ती कॅथलिक झाली नाही तर लग्न वेदीसमोर लागणार नाही, याच बैठकीच्या खोलीत खुर्च्या सरकवून लागेल. आणि मुलं होतील ती कॅथलिक, तसं वचन द्यावं लागेल. मी बायबलातली वचनं पाठ करून गेलो होतो, ती रोमकरांस पत्रातली होती. त्यांचा उपयोग झाला नाही. बाहेर आल्यावर मी शांताला स्पष्ट म्हणालो की आई हे कधीच मान्य करणार नाही, तू माझ्याबरोबर घरी चल. ती म्हणाली, "मी कॅथलिक होणार नाही दादा. पण लग्न याच खोलीत करीन." मला तिचा राग आला, आणि त्या खोलीतल्या उसवलेल्या वेताच्या खुर्च्या आठवून रडूही आलं.

संध्याकाळी आंजेलीनबाईंच्या अंगणातल्या क्रूसापाशी शेजारपाजारची माणसं जमली. कोंकणीत लितानी झाली, एकानं संतांची नावं घ्यायची आणि बाकीच्यांनी 'आमच्यासाठी विनंती कर' म्हणायचं. मग पाहुण्याचा मान म्हणून बाई म्हणाल्या, आता प्रभूची प्रार्थना मराठीत म्हणू, ती तरी दोघांची एकच. सगळ्यांनी एका सुरात सुरू केली. मलाही मोकळं वाटलं. 'आम्हांला वाईटापासून सोडव' इथवर आलो, सगळे 'आमेन' म्हणाले आणि थांबले. मी सवयीनं पुढं निघालो होतो, 'कारण राज्य, सामर्थ्य व गौरव...' त्या अंगणात माझा एकट्याचा आवाज. त्यांच्याकडे हा शेवट म्हणत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं. पण शांता माझ्या शेजारी उभी होती आणि तीही थांबली होती. प्रार्थना कशीबशी पुरी केली. कोणी हसलं नाही. बाईंनी माझ्या हातावर उकडलेले चणे ठेवले.

परतताना मी शांताला विचारलं, की विसरलीस का. आईनं मांडीवर घेऊन शिकवलेले शब्द ते.

"विसरेन कशी?" ती म्हणाली. "मी एकटीनं पुढं म्हटलं की मिंगेलच्या माउलीला वाटतं, आपली प्रार्थना अर्धी आहे. म्हणून उरलेलं मी मनात म्हणते."

दुसऱ्या दिवशी मी तिला आणि मिंगेलला आशीर्वाद दिला आणि पावसाआधीच्या आगबोटीनं निघालो. घाटापेक्षा समुद्र बरा, एवढं तुम्हांला खात्रीनं सांगतो, फक्त बोटीवर रिकाम्या पोटी चढा.

आई माझ्याशी चार दिवस बोलली नाही. मला समजावायला पाठवलं आणि मीच समजून आलो, हा तिचा मुद्दा होता. फादरची बैठकीची खोली, मुलांचं वचन, सगळं तिनं पाठ फिरवून ऐकलं. अंगणातली गोष्ट सांगितली तेव्हा मात्र वळली आणि विचारलं, "कुठल्या शब्दाला थांबते ती?" मी सांगितलं.

लग्नाला ती गेली नाही. पण हल्ली आमच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत 'वाईटापासून सोडव' म्हणून झालं की आई थांबते. एखादा श्वासभर. मग आम्ही सगळे पुढचं म्हणतो. परवा आमच्या देवळाचे पाळकसाहेब भेटीला आले होते, त्यांना वाटलं वयामुळे आईला शब्द आठवत नाहीत, म्हणून त्यांनी मोठ्यानं सांगून मदत केली. आईनं हात वर करून त्यांना गप्प बसवलं.