बत्तिसाव्या मजल्यावरची चौथी जोडी

गेल्या महिन्यात आम्ही ओसाकाला गेलो होतो. मी, आई आणि आत्या. जे झालं ते आधी क्रमाने लिहिते...

१. हॉटेलचं बुकिंग तीन जणांचं होतं. कन्फर्मेशनमध्येही तीनच.
२. पहिल्या दिवशी खोलीत स्लिपर्सच्या तीन जोड्या होत्या. दुसऱ्या दिवशी फिरून आलो तर चार.
३. रिसेप्शनवर सांगितलं. त्यांनी वाकून माफी मागितली. तिसऱ्या दिवशी पुन्हा चार.
४. चौथ्या दिवशी खोली साफच झाली नाही. दाराखालून एक चिठ्ठी आत सरकवलेली होती.

आता सविस्तर.

एवढं महागडं हॉटेल आमच्या सवयीचं नाही. ते बाबांनी निवडलं होतं. बाबा आमच्या गावी, नेरला, शाळेत भूगोल शिकवायचे. एखादं मोठं शहर उंचावरून खरंच नकाशासारखं दिसतं का, हे त्यांना एकदा खिडकीत बसून बघायचं होतं. मूळ बुकिंग चौघांचं होतं. बाबा गेल्यावर मीच ते तीन केलं.

खोली बत्तिसाव्या मजल्यावर. खिडकी उघडत नाही, म्हणून खालच्या रस्त्याचा जराही आवाज वर येत नाही. कॉरिडॉरमध्ये जाड गालिचा... आपल्याच पावलांचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. आत्या पहिल्याच दिवशी म्हणाली, "इथं कोणी मागून आलं तरी समजत नाही वं."

चौथी जोडी दाराशी नसायची. खिडकीजवळच्या खुर्चीपुढे असायची, नीट जुळवून ठेवलेली.

मी कॅलिब्रेशनचं, म्हणजे मोजमापाची यंत्रं तपासायचं काम करते. रीडिंग चुकीचं आलं तर यंत्र चुकलं की माणूस, हे शोधणं हेच माझं काम. कारण तिसऱ्या दिवशी सापडलं. त्या संध्याकाळी आईच्या आधी मी खोलीत शिरले. खिडकीजवळच्या टेबलावर स्टीलचा पेला होता, पाण्याने भरलेला. बाबांचा पेला, काठाशी त्यांचं नाव कोरलेला.

आमच्याकडे माणूस गेल्यावर दहा दिवस त्याच्या जागेवर पाणी ठेवतात. आईने ते थांबवलंच नव्हतं. घरी ठेवते हे माहीत होतं. साडीत गुंडाळून पेला जपानला आणला, हे माहीत नव्हतं. रोज सकाळी ती "काहीतरी राहिलं" म्हणून परत आत जायची, त्याचा उलगडा झाला. सफाईवाल्यांना खुर्ची ओढलेली दिसायची, पेला दिसायचा, म्हणून ते चौथी जोडी ठेवायचे.

मी आईला विचारलं, सांगितलं का नाहीस?

"तुले काहून सांगू? तू कारणं देत बसतं."

मला हायसं वाटलं होतं, हे खरं सांगते. चौथ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, आजचा दिवस राहू दे, त्यांचा गोंधळ होतो. आईने पेला माझ्या हातात दिला. मी तो माझ्या सॅकमध्ये टाकला, खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि दार ओढून घेतलं. सगळ्यात शेवटी खोलीतून मीच निघाले.

दिवसभर तो पेला माझ्या पाठीवर होता. रिकामा.

संध्याकाळी ती चिठ्ठी मिळाली. सोप्या इंग्रजीत, पेनने लिहिलेली. मराठीत सांगायचं तर: खिडकीजवळ बसलेल्या गृहस्थांनी हात वर करून नको म्हटलं, म्हणून आज आम्ही आत आलो नाही. क्षमस्व.

खोली नंबर आमचाच होता.

दार कधी कधी उघडलं याची कार्डाच्या कुलपातली नोंद मी रिसेप्शनवर जाऊन मागितली. आम्ही सकाळी निघालो, साधारण दीड तासाने सफाईवाल्यांनी दार उघडलं आणि मिनिटाभरात बंद केलं. त्यानंतर थेट आमचं कार्ड. मधे कोणी नाही. काचेत त्यांना स्वतःचंच प्रतिबिंब दिसलं असेल, असं मी आईला सांगितलं. पाचव्या दिवशी निघण्याआधी त्याच वेळेला दारात उभं राहून तपासलं. बाहेर लख्ख ऊन होतं. काचेत काहीच दिसत नव्हतं... फक्त शहर.

घरी सकाळी कोणी झाडायला आलं की बाबा पेपरमधून मान वर न काढता पंजा उचलायचे. नंतर या, असं. हे मी हॉटेलात कोणालाही सांगितलेलं नाही.

आत्याला चिठ्ठी वाचून दाखवली. ती आधी हसली. "पाह्य दादाचं! इथं येऊन बी कोणाले झाडू देत नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अन् तू वं? बापाले एवढ्या लांब आणलं अन् पाणी बी नाही पाजलं."

आईने खिडकीजवळची खुर्ची ओढून ठेवली.

पाचव्या दिवशी निघताना पेला मी भरला. संध्याकाळी आलो तेव्हा स्लिपर्सच्या चार जोड्या होत्या. मी रिसेप्शनवर गेले नाही.

आता मुद्द्याचं. येत्या रविवारी बाबांचं वर्षश्राद्ध आहे. त्यानंतर पाणी ठेवणं बंद करायचं, असं घरात ठरलं होतं. आईने बंद करावं म्हणून सगळ्यात जास्त मीच मागे लागले होते. काल आईने विचारलं, "मंग, बंद करू का?" मी म्हटलं, शनिवारपर्यंत थांब.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी वर्षानंतरही पाणी ठेवलं असेल, तर दोनच गोष्टी कळवा: कधी थांबवलं, आणि थांबवल्यावर काय झालं. कारणं नकोत, ती माझ्याकडे आहेत.

शनिवारी संध्याकाळपर्यंत उत्तर हवं आहे. रविवारी सकाळी पेला मलाच उचलायचा किंवा भरायचा आहे.