गच्चीवरून गच्चीवर

त्या दसऱ्यापर्यंत मला थोरल्या काकांएवढा राग कुणाचाच येत नव्हता. बालाघाटच्या आमच्या गल्लीत दोघा भावांची घरं समोरासमोर, आणि दोन्ही घरांत शब्द चालायचा तो काकांचा. मला बारावीनंतर जबलपूरला इंजिनिअरिंगला जायचं होतं. काका म्हणायचे, पोरीनं इथंच बी.ए. करावं. शेवटी बाबा मला म्हणाले, "तुयं ते यंत्र दादाले चालवून दाखव, मंग पाठवतो तुले."

यंत्र म्हणजे काय, तर काकांच्या गच्चीवर गोंदियाहून आणलेली खेळण्यातली लेझर आणि तिला जोडलेला माइक. बोललं की आवाजाबरोबर उजेड कमीजास्त होई. आमच्या गच्चीवर खोक्यात भिंग, त्यामागे सोलर सेल आणि जुन्या टेपचा स्पीकर. मधे तार नाही; आवाज उजेडावरूनच इकडे यायचा. उन्हात सेल आंधळा होई, म्हणून तिन्हीसांजेची वेळ ठरवली. नेम बोटभर चुकला तरी सगळं मुकं. तो भिंगाच्या मधोमध बसवण्यात माझे आठ दिवस गेले.

दसऱ्याला सकाळी काकांनी आमच्याकडची हत्यारं पुजली. विळा, पाना, बाबांची स्कूटर, आणि कौतुक दाखवायला माझं खोकंही.

संध्याकाळी दोघे भाऊ समोरच्या गच्चीवर माइकपाशी बसले, मी इकडे खोक्यापाशी. भिंगावर लाल ठिपका असा झगझगला की मी खूश झाले. स्पीकरमधून मात्र गल्लीतल्या ट्यूबलाइटची घरघर तेवढी येत होती.

"काहीच नाही येत!" मी ओरडले.

"झालं समाधान? भर आता बी.ए.चा फारम!" काका गल्लीभर ऐकू जाईल असे ओरडले.

मी चिडून भिंग चाचपलं, तर बोट लाल. मेल्या माणसानं सकाळी पुजताना काचेच्या ऐन मधोमध कुंकवाचं बोट ओढलं होतं! स्वच्छ भिंगातून उजेड आत जातो, वर झगझगत नाही, एवढंही मला सुचू नये? मी ओढणीनं काच खसाखसा पुसली आणि स्पीकर बोलू लागला.

"आता रडन पोरगी," काका म्हणत होते.

मग बाबांचा आवाज आला, शेजारी बसल्यासारखा स्वच्छ. "रडू द्या, दादा. चाललं असतं तरी मी कोठं पाठवत होतो तिले? तिचं मन राखाले म्हनलं होतं."

काकांसाठी जमवलेल्या शिव्या तशाच राहिल्या. मी कठड्याशी गेले आणि होतं नव्हतं ते बळ लावून ओरडले, "बाबा, यंत्र चालू हाय! सगळं ऐकू येऊन राह्यलं!"

माइक त्यांच्या हातातच होता. स्पीकरमधून तो खाली ठेवल्याचा खट्ट आवाज आला.