नलूताईची गाळणी

नलूताई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी घरची तुंबलेली मोरी काठीने ढोसत होतो. माझी ही मावसबहीण तिथे असती तर म्हणाली असती, "आलास शेवटी माझ्या विषयात." रत्नागिरीच्या कॉलेजात तिने जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं, पण जीव अडकला होता सांडपाण्यात. मासळीच्या एका कारखान्याचं पाणी तिच्या माहेरच्या खाडीत जायचं आणि तिथल्या शिंपल्यांना, आमच्या तिसऱ्यांना, तेलाचा वास यायचा. ते तिला सहन होत नसे.

तिच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा गेलो तेव्हा ओली छत्री तिने दाराबाहेरच ठेवायला लावली. आमच्या दमट हवेत धागे चिकटतात म्हणे. आत एक सुई, तिला जोडलेला विजेचा जबर दाब आणि समोर फिरणारा रूळ. सुईतून धागा निघतोय असं ती सांगत होती, मला काहीच दिसत नव्हतं... आणि बघता बघता रुळावर पांढरी साय धरली. केसाहून कितीतरी बारीक धाग्यांची गाळणी! मी बोट लावून बघायला पुढे झालो. "गाळणं सोपं रे," ती म्हणाली, "माशांचं तेल बसून ती तुंबते, तिथे घोडं अडतं. धाग्याने पाणीच असं धरून ठेवायला हवं, की तेलाला चिकटायला जागा मिळू नये."

कित्येक गाळण्या तुंबल्या. अखेर तसा लेप साधला, तोवर आजाराने तिला गाठलं होतं. कारखान्याचे मालक म्हणाले, मासेमारीचा हंगाम संपेपर्यंत बघू, मध्येच तुंबली तर काढून टाकू. गाळणी तुंबू लागली की पंपाचा दाब चढतो, म्हणून तिथला पंप सांभाळणारा अनंत रोज सकाळी तिला फोनवर दाब सांगायचा. हंगाम संपायच्या आधीच ती गेली... मला त्याचा राग आला, अजूनही येतो.

परवा सकाळी भावोजींकडे बसलो होतो. नलूताईचा फोन वाजला; ती गेल्यावरही अनंतने रोजचा फोन थांबवला नव्हता. सांडपाण्याचा विषय निघाला की नाक मुरडणाऱ्या भावोजींनी तो लगबगीने उचलून स्पीकरवर टाकला.

"दाब काय म्हणतो, अनंता?"

"वाढला नाय ओ. बोटी बंद झाल्या, शेवटचा माल काल धुवून झाला. अख्खा हंगाम गेला, पण गाळणी तुंबली नाय. मालक म्हणाले, आता ऱ्हाऊ दे ती. उद्यापासून प्लांटला काय काम नाय."

केवढं काम करून गेली ही बाई! भावोजींनी फोन तोंडाजवळ धरला. मग म्हणाले, "बरं... उद्याही फोन कर हां."