दिवाणावरचं वाळवंट

कार्तिक शुद्ध द्वितीया, भाऊबीज. हजर: सासूबाई, हे, आमची कॉलेजात जाणारी मुलगी आणि मी. गैरहजर: सासूबाईंचा धाकटा भाऊ, दरवर्षीप्रमाणे.

हा मामा चित्रकार होता. नाशिकला एक-दोन प्रदर्शनांत इतरांच्या चित्रांशेजारी त्याचंही चित्र लागलं, एवढीच त्याची कीर्ती. तो बाडमेरकडे गेला, तिथलं वाळवंट रंगवून घेऊन आला, चित्र बहिणीच्या हवाली केलं आणि पुन्हा तिकडेच गेला. चित्रात पिवळट-तपकिरी टेकाडं आहेत, वर आकाशाची अरुंद पट्टी, आणि एका टेकाडावर चढून पलीकडे उतरलेली पावलं. माणूस नाही. "माणूस पुढच्या खेपेला काढतो," असं सांगून तो गेला. ती खेप झाली नाही. काही दिवस पत्रं आली, मग तीही थांबली.

भाऊ नसलेली बाई भाऊबिजेला चंद्राला ओवाळते. सासूबाई चित्राला ओवाळतात. चंद्राला ओवाळायचं म्हणजे भाऊ नाही हे कबूल करायचं, म्हणून त्या संध्याकाळी आमच्याकडे गॅलरीत कुणी फिरकत नाही.

ह्यांची बदली सिल्वासाला झाली तेव्हा टेम्पोत सगळ्यात आधी हे चित्र चढलं. सागवानी चौकट, उचलायला दोघं लागतात. नरोली रोडच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये ते हॉलच्या भिंतीवर लागलं. त्याच्याखाली दिवाण, आणि दिवाणावर सासूबाईंचं अंथरूण.

यंदा पावसाळा सरला आणि त्यांच्या उशीवर वाळू दिसायला लागली. बारीक, पिवळसर. मी चादर झटकायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं बाथरूम आहे. तिथली ओल आत झिरपत होती आणि खालून कंटेनर गेला की गिलावा सुटत होता. ह्यांनी भिंतीवर बोटं वाजवून पाहिली. आवाज पोकळ आला.

दिवाळीच्या कामांत चित्र उतरवणं मी सगळ्यात वर लिहिलं. घरमालकाला फोन केला. तो म्हणाला, "बेन, दिवाळी पछी." सासूबाई म्हणाल्या, "भाऊबीज होऊन जाऊ दे." या दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. तोवर चौकटीच्या वर दिसणारा तडा तिच्या खालूनही बाहेर आला होता.

"आई, हे प्लास्टर आहे," ह्यांनी चिमूट त्यांच्यापुढे धरली.

"मला कळतं प्लास्टर. तुझ्याआधीपासून भिंती बघतेय मी."

"मग निदान दिवाण तरी सरकवू."

"आणि तो खाली उतरला तर पाय कुठे ठेवील? फरशीवर?"

मुलगी हसली. सासूबाई हसल्या नाहीत. दुपारी त्या उठल्या तेवढ्यात मी दिवाण सरकवला, तर त्यांनी त्याच जागी चटई टाकली. मी दिवाण परत लावला. चटईपेक्षा तो बरा.

भाऊबिजेच्या संध्याकाळी त्यांनी ताट केलं. निरांजन चित्रासमोर फिरवताना खाली कंटेनर गेला, तावदानं थरथरली आणि चौकटीमागून मूठभर गिलावा ताटात पडला. निरांजन विझलं. सासूबाईंनी गिलावा ताटाच्या कडेला सारला, वात पुढे ओढून पुन्हा पेटवली आणि ओवाळणं पुरं केलं.

"आजी, आता उतरवू या ना," मुलगी म्हणाली. "पुढच्या वर्षी चंद्राला ओवाळ."

ह्यांनी तिच्याकडे पाहिलं. शब्द तर निघून गेला होता.

सासूबाईंनी ताट देवापुढे नेऊन ठेवलं, येऊन दिवाणावर आडव्या झाल्या आणि पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

"उतरवा," त्या म्हणाल्या.

"आधी तुम्ही उठा, आई," मी म्हणाले.

"मी कशाला उठू? चित्र उतरवायचंय ना? उतरवा."

आम्ही दोघं दोन बाजूंनी स्टुलांवर चढलो. एवढ्यासाठी की थोडं हलवून पाहावं. मी चौकटीला हात लावला, आणि चौकटीबरोबर भिंतही किंचित पुढे आली. परातीएवढा गिलाव्याचा पोपडा फक्त चित्राच्या वजनाने दाबून धरलेला होता. खाली सासूबाई डोळे उघडे ठेवून वर बघत होत्या. माझ्याकडे नाही, चित्रातल्या त्या पावलांकडे.

"सोड," हे हळूच म्हणाले. "सावकाश सोड."

रात्री आम्हाला सासूबाईंना तिथून हलवायचा एकच मार्ग सुचला. सकाळी त्या आंघोळीला गेल्या की दिवाण ओढायचा, ह्यांनी चौकट धरायची, मी खिळ्याची तार कापायची. पक्कड, जुनी चादर, स्टूल, सगळं दाराआड काढून ठेवलं.

आज पहाटे मी पाणी तापवलं, टॉवेल नेऊन ठेवला आणि त्यांना हाक मारली.

"आज आंघोळ नको," त्या कुशीवर न वळता म्हणाल्या. "अंग कसकसतंय."

पाणी मी पुन्हा तापत ठेवलं आहे. चित्र उतरवायचं राहिलं आहे.