प्रायमरीनंतरच्या सकाळी सुलभाकाकू

सुलभाकाकूंची आणि माझी ओळख ॲन आर्बरमधल्या एका शाळेच्या कॅफेटेरियात झाली. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमासाठी तो भाड्यानं घेतला होता. भंडाऱ्याहून शिकायला येऊन मला आठच महिने झाले होते. प्लेट धरून मी भिंतीशी उभी होते. काकूंनी जवळ येऊन सरळ विचारलं, "मत आहे का गं तुला?"

"नाही काकू, स्टुडंट व्हिसावर आहे."

"मग वेळ असेल," म्हणून त्यांनी माझ्या हातात क्लिपबोर्ड दिला. शनिवारी दहा वाजता प्रचारासाठी मतदारांची दारं वाजवायला जायचं होतं. मी येणार की नाही, हे त्यांनी विचारलंच नाही.

काकू मूळच्या नागपूरच्या. इथल्या एका इस्पितळाच्या लॅबमध्ये त्यांनी निवृत्तीपर्यंत नोकरी केली. नागरिकत्व मिळाल्यापासून त्या आपल्या वस्तीच्या पक्षप्रतिनिधी आहेत. या पदाला पगार नाही आणि मानही बेताचाच. कोणाला मतदानाला गाडीतून न्यावं लागतं, कोणाचा कुत्रा अंगावर येतो, कोणाकडे संध्याकाळी बेल वाजवायची नाही, हे सगळं त्यांच्या वहीत असतं. त्यांच्याबरोबर फिरताना मी लोकशाही शिकले. वर्गातही शिकत होते, पण तिथे कुत्रे नव्हते.

त्यांच्या मायेविषयी एकच सांगते. दुसऱ्या वर्षी मला एका मराठी कुटुंबाकडे खोली ठरली होती. फोनवर आडनाव विचारलं, मी सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी मेसेज आला की खोली दुसऱ्याला दिली. काकूंना हे कळलं तेव्हा त्यांनी भाषण केलं नाही. गाडी घेऊन आल्या, माझ्या दोन बॅगा टाकल्या आणि आपल्या घरची वरची खोली उघडून दिली. "इथे आडनाव फक्त पोस्टाच्या पेटीवर लागतं," एवढंच म्हणाल्या. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. माझा प्रबंध कशावर आहे, हे काकू आईला दर रविवारी फोनवर समजावून सांगत. आईला तो माझ्यापेक्षा त्यांच्याकडूनच जास्त कळला.

काकूंच्या या गौरव अंकात राजकारण नको, असं संपादकांनी सुचवलं आहे. त्यांची अडचण मला समजते. काकूंच्या पंचाहत्तरीचे समारंभ दोन होत आहेत, कारण गेल्या प्रायमरीपासून, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीपासून, आपल्यातले दोन गट एका हॉलमध्ये बसत नाहीत. काकू हसून म्हणाल्या, "दोनदा केक! डॉक्टरांना सांगू नका." मला हसू आलं नाही. हा अंक दोन्हीकडे वाटला जाणार आहे, म्हणून जे घडलं ते लिहिते.

आपल्या भागातून राज्याच्या विधानसभेत टॉम होते. जातीवरून होणारा भेदभाव बेकायदा ठरवणारं विधेयक आणा, म्हणून काकूंनी त्यांच्याकडे अनेक खेटे घातले. दर वेळी उत्तर एकच, "आत्ता नको." मग रेचल नावाची तरुण शिक्षिका त्यांच्याच पक्षातून त्यांच्याविरुद्ध उभी राहिली आणि हे विधेयक मी आणीन, असं तिनं जाहीर सभेत सांगितलं. काकूंनी टॉमशी जुनी ओळख असूनही रेचलचं काम घेतलं. मीही जीव ओतून केलं. ते विधेयक माझ्या त्या खोलीविषयी होतं. दोन्ही बाजूंनी एकमेकांना काय काय म्हटलं गेलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. ऑगस्टमधल्या प्रायमरीत रेचल थोडक्यात हरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू बूट घालून दारात उभ्या होत्या. रेचलच्या यार्ड साइन, म्हणजे घरांपुढच्या प्रचाराच्या पाट्या, काढायच्या आणि त्याच घरांना टॉमच्या लावायला सांगायचं, असा त्यांचा बेत होता.

"काकू, काल रात्री तो माणूस आपल्याला वेडे म्हणाला!"

"म्हणू दे. तो निदान दार उघडतो. नोव्हेंबरात दुसऱ्या पक्षाचा आला तर दारच नाही."

"म्हणजे आपलं काही तत्त्व नाही?"

"आहे ना. म्हणून तर जाते आहे."

मी त्यांना म्हणाले, "तुम्हाला फक्त खुर्चीच्या जवळ राहायचंय." ज्यांच्या घरात राहत होते, त्यांना म्हणाले.

काकूंनी वही पिशवीत टाकली. मग म्हणाल्या, "बरं. ते पाण्याच्या बाटल्यांचं खोकं तेवढं गाडीत ठेव. गुडघा वाकत नाही माझा."

मी खोकं ठेवलं आणि वर निघून गेले. ऑगस्ट ते नोव्हेंबर काकू एकट्या फिरल्या. रेचलच्या लोकांनी त्यांना फितूर म्हटलं. टॉमच्या लोकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. मतदारांची यादीसुद्धा द्यायला टाळाटाळ केली. मी वरच्या खिडकीतून त्यांची गाडी निघताना पाहत असे. माझ्यासारखे बरेच जण घरी बसले आणि त्याला निष्ठा म्हणाले.

नोव्हेंबरात टॉम दुसऱ्या पक्षाच्या उमेदवाराकडून हरले. नव्या प्रतिनिधींच्या कार्यालयाला काकूंनी तीन पत्रं लिहिली. एकालाच उत्तर आलं : हा आपल्या मतदारसंघातला प्रश्न नाही. रेचल हे गाव सोडून गेली.

मी काकूंची माफी मागितली. "तुझं मत नव्हतंच, तुझ्यानं काय फरक पडला असता," म्हणून त्यांनी मला सोडून दिलं. पण त्यांच्या वहीतल्या कितीतरी दारांवर मी एकटी जाऊ शकले असते, हे त्यांना माहीत आहे आणि मलाही.

पुढच्या प्रायमरीची भांडणं आत्ताच सुरू झाली आहेत. माणसं तीच, शब्दही तेच. यातून आपण काही शिकलो, असं मला दिसत नाही. काकूंच्या डोळ्यांसमोर ते विधेयक मंजूर होईल, असं शुभेच्छा म्हणूनसुद्धा लिहायला माझा हात धजत नाही.

म्हणून मागते ते एवढंच. काकू, तुम्हाला भरपूर आयुष्य मिळो. गुडघ्याचं ऑपरेशन नीट होवो, जेवण गोड लागो, झोप शांत येवो. आणि पुन्हा ऑगस्ट येईल, पुन्हा कोणीतरी हरेल, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही घरात बसा. व्हिसा राहिला तर मी जाईन. बाकी कोणी येईल का, ते मला सांगता येत नाही.