यंत्र बंद होतं ते चार महिने

अकोल्यात जठारपेठेजवळ एका खासगी संस्थेची माती तपासायची प्रयोगशाळा होती. तिथे निखत टायपिंगच्या कंत्राटावर होती. डिप्लोमा संगणकाचा, तोही अमरावतीहून केलेला. पण जागा टायपिंगचीच निघाली, तर तिनं तीच धरली.

२००७ च्या मार्चमध्ये मातीतलं जस्त, लोह मोजणारं यंत्र बंद पडलं. ते लिनक्स प्रणालीच्या संगणकावरून चालायचं. दोनच दिवसांपूर्वी कंपनीचा इंजिनियर येऊन काहीतरी जुळवाजुळव करून गेला होता. त्यानंतर संगणकाला यंत्र दिसेचना. कंपनीनं कळवलं, यंत्रच बिघडलंय, पुण्याला पाठवा.

निखत प्रमुखांकडे, जानराव साहेबांकडे गेली. "सर, मी पाहून देऊ का? बिघाड संगणकात वाटते मले."

"तुमचं काम टायपिंगचं. तुमी हात लावान अन् कंपनी सारं आपल्यावर ढकलन."

ती टायपिंगकडे परतली. यंत्र पुण्याला गेलं आणि जूनअखेर आलं ते तसंच मुकं. मातीच्या पिशव्यांची रांग दारापर्यंत आली.

मोर्शीच्या नत्थुजींच्या संत्र्याची पानं पिवळी पडत होती, म्हणून ते बागेची माती मार्चातच देऊन गेले होते. जुलैत ते तिसऱ्यांदा आले. "नाई झालं अजून?" एवढंच विचारून बाकावर बसले. निखतला त्यांच्याकडे पाहवेना. जानराव त्या दिवशी रजेवर होते. कुणाला न विचारता तिनं खुर्ची ओढली.

केबल जोडली की संगणकाला ती कळत होती, हे कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदींत दिसत होतं. पण केबलशी बोलणारं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा छोटा प्रोग्राम, सुरूच होत नव्हतं. पासवर्ड कंपनीकडे. तिनं संगणक पासवर्ड न लागणाऱ्या दुरुस्तीच्या मोडमध्ये चालू केला आणि सेटिंगच्या फाइली उघडल्या. बंदी घातलेल्या मॉड्यूलांच्या यादीत नेमकं तेच नाव होतं. फाइलीवरची तारीख इंजिनियर आला त्या दिवसाची. तिनं ती ओळ काढली. वीस मिनिटांत यंत्र चालू झालं.

प्रयोगशाळेतल्या भावनानं नत्थुजींची माती आधी तपासायला लावली. संध्याकाळी निखतनं अहवाल त्यांच्या हाती दिला. "काका, जस्त लई कमी आहे. रोग नाई. फवारणी केली तं झाडं सुधरतात."

नत्थुजींनी कागदाची घडी घातली. "दोनशे चाळीस झाडं होती. रोग पसरीन म्हणून गेल्या महिन्यात तोडली."

"तोडा म्हणून कोणी सांगतलं?"

"कोणीच काई सांगतलं नाई, बाई. म्हणून तं तोडली."

निखतनं बिघाडवहीत फाइल, ओळ, तारीख सगळं लिहिलं. जानरावांनी ते पान फाडलं आणि 'यंत्र पुण्यात दुरुस्त झाले' असं नवं पान पुढे केलं. तिनं सही केली नाही. सप्टेंबरात कंत्राट संपलं ते संपलंच. पत्रात कारण होतं, परवानगीशिवाय यंत्रणेत फेरफार.

तिची आई हलीमाबी शेजारणींना सांगायची, पोरीनं खरं काम केलं म्हणून काढलं. एकदा निखतनं ते ऐकलं.

"अम्मी, खरं काम मार्चात करायचं होतं," ती म्हणाली. "तवा मी परवानगी मागत बसली."

त्यानंतर हलीमाबीनं तो विषय कुणापुढे काढला नाही.